पत्ता न वाचता पोचणारे पॅकेट

समजा, तुम्ही कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या बँकेत वडिलांचे पासबुक भरून आणायला गेला आहात. खिडकीमागचे कारकून संगणकावर खातेक्रमांक टाकतात, क्षणभरात शिल्लक पडद्यावर येते आणि छपाईयंत्र पासबुकावर नोंदी उमटवते. तुमच्या वडिलांच्या लहानपणी हेच खाते त्या शाखेतल्या एका जाडजूड लेजरमध्ये होते आणि दुसऱ्या शाखेत जाऊन पैसे काढणे शक्यच नव्हते. आता शाखेत खाते नसते. सर्व शाखांची खाती एका मध्यवर्ती संगणककेंद्रात असतात. ते केंद्र मुंबईला आहे असे धरू. म्हणजे शिल्लक किती हा प्रश्न कोल्हापुराहून मुंबईला गेला आणि उत्तर परत आले.

अंतराचा हिशेब अगदी सोपा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. (निर्वातातील वेग ३ लाख, काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्याने तो कमी होतो, हे दहावीच्या प्रकाशाच्या धड्यात तुम्ही शिकलाच आहात.) केबलची लांबी ४०० किलोमीटर धरली तर जायला २ मिलिसेकंद, परत यायला २ मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

तेव्हा अंतर ही अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. ज्या काचतंतूतून बँकेचा प्रश्न गेला, त्याच तंतूतून त्याच क्षणी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीची ऑर्डर जात होती, एखाद्या इस्पितळाचे अहवाल जात होते, आणि कोणीतरी मोबाइलवर पाहत असलेला चित्रपट येत होता. बँकेने स्वतःची तार घातलेली नाही. तरीही तिचे संदेश दुसऱ्या कोणाच्या हाती पडत नाहीत, आणि दुसऱ्यांचे तिच्याकडे येत नाहीत. सामायिक रस्त्यावरून जाऊनही आपला रस्ता खाजगी असल्यासारखा वापरता येणे यालाच आभासी खाजगी जाळे, इंग्रजी आद्याक्षरांनी व्हीपीएन, म्हणतात.

मोबाइलमुळे व्हीपीएन हा शब्द तुमच्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेला असेल. मोबाइलवरचे ते अ‍ॅप आणि बँका-कारखाने वापरतात ते जाळे यांचे नाव एक असले तरी युक्ती वेगळी आहे. अ‍ॅप मजकुराला कुलूप घालते. आपण ज्या पद्धतीचा आज विचार करणार आहोत ती मजकुराला हातही लावत नाही. ती त्यावर फक्त एक क्रमांकाची चिठ्ठी, म्हणजे लेबल, चिकटवते. या पद्धतीला एमपीएलएस असे अवघड नाव आहे. कल्पना मात्र नावाइतकी अवघड नाही.

स्वतंत्र तारा घालायच्या म्हटले तर

प्रथम, ही युक्ती लागलीच का ते पाहू. एका बँकेच्या ५० शाखा आहेत. प्रत्येक शाखा प्रत्येक शाखेशी थेट जोडायची तर किती तारा लागतील? ५० पैकी कोणत्याही २ निवडायच्या, म्हणून ५० × ४९ ÷ २ = १२२५. एकावन्नावी शाखा उघडली की आणखी ५० तारा. भाड्याच्या तारेचे, म्हणजे लीज्ड लाइनचे, भाडे अंतराप्रमाणे वाढते. कोल्हापूर-नागपूर तारेचा खर्च कोणत्या बँकेला परवडेल?

मग सर्व शाखा फक्त मुख्य कचेरीला जोडाव्यात. तारा ४९ झाल्या. पण आता गडहिंग्लजहून आजऱ्याला निरोप जायचा तर तो मुंबईला जाऊन परत येणार, आणि मुख्य कचेरीची वीज गेली की एकूण एक शाखा बंद.

तिसरा मार्ग असा, की प्रत्येक शाखेने आपल्या गावातल्या दूरसंचार कंपनीच्या केंद्रापर्यंत एकच छोटी तार घ्यावी आणि पुढचे सर्व त्या कंपनीच्या मोठ्या जाळ्यावर सोपवावे. पन्नास शाखांना पन्नास तारा, एकावन्नाव्या शाखेला एक तार. खर्चाच्या दृष्टीने हा मार्ग उघडच सरस आहे. पण कंपनीचे जाळे सर्वांचे आहे. त्यात बँकेचे संदेश वेगळे कसे ठेवायचे, हाच आपला मूळ प्रश्न.

पिनकोड आणि राउटर

संगणकाचा संदेश सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पॅकेट. त्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो. वाटेत प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. ते पत्ता वाचते आणि पॅकेट कोणत्या वाटेने पुढे ढकलायचे ते ठरवते.

हे काम टपालखात्याच्या कामासारखेच आहे. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे नामवंत कवी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पिनचे सहा अंक डावीकडून उजवीकडे अधिकाधिक बारीक भाग दाखवतात. ४ म्हटले की पश्चिमेकडचा विभाग. ४१६ म्हटले की कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग हा टापू. दिल्लीच्या टपाल कर्मचाऱ्याला पहिले दोनतीन अंक पुरतात. कोल्हापुरात मात्र शेवटचे अंकही पाहावे लागतात.

राउटरही असेच करतो. त्याच्याजवळ पत्त्यांच्या सुरुवातीच्या भागांची एक यादी असते, आणि आलेला पत्ता त्यांतल्या कोणत्या नोंदीशी जास्तीत जास्त लांबीपर्यंत जुळतो ते तो शोधतो. जगातल्या मोठ्या राउटरांच्या यादीत आज सुमारे दहा लाख नोंदी असतात. प्रत्येक पॅकेटसाठी हा शोध, आणि तोही वाटेतल्या प्रत्येक राउटरने नव्याने घ्यायचा! कोल्हापूरने शोधले, मग कऱ्हाडने तेच शोधले, मग पुण्याने पुन्हा तेच.

रेल्वे टपाल सेवेतल्या लोकांनी ही पुनरुक्ती फार पूर्वीच टाळली होती. कोल्हापुरात मुंबईची सर्व पत्रे एका थैलीत भरत, थैलीचे तोंड बांधून लाख लावत आणि तिला एक चिठ्ठी अडकवत. वाटेतल्या स्थानकांवर थैली कोणी उघडत नसे. आतल्या शेकडो पत्रांवर काय पत्ते आहेत याच्याशी वाटेतल्यांना कर्तव्य नव्हते. चिठ्ठी पाहिली की पुरे. लेबल-पद्धतीचा अर्धा भाग या थैलीत आहे.

चप्पल स्टँडचा बिल्ला

उरलेला अर्धा भाग अंबाबाईच्या देवळाबाहेर सापडतो. दर्शनाला जाताना आपण चपला स्टँडवर ठेवतो. स्टँडवाला एक बिल्ला देतो. बिल्ल्यावर ३१ असा आकडा असतो. त्यावर तुमचे नाव नाही, गाव नाही, चपलांचे वर्णन नाही. पण परत आल्यावर स्टँडवाला शोधाशोध करत नाही; सरळ ३१ क्रमांकाच्या खणात हात घालतो. आणि शेजारच्या दुसऱ्या स्टँडवरही एक ३१ चा बिल्ला असतोच. त्यामुळे काही बिघडत नाही, कारण बिल्ल्याचा आकडा ज्याने दिला त्याच्यापुरताच अर्थपूर्ण असतो.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा. सारे तिच्यावर उभे आहे. पत्ता सगळ्या जगात एकच अर्थ सांगतो. लेबलाचा अर्थ मात्र एका राउटरपुरता, आणि म्हणून ते प्रत्येक नाक्यावर बदलता येते.

राउटरच्या बाबतीत ‘बिल्ला’ असा ठरतो: पुढचा राउटर मागच्याला आधीच कळवून ठेवतो, ‘मुंबईकडे जायचे पॅकेट माझ्याकडे पाठवशील तेव्हा त्यावर ३१ लिही.’ निरोप असा मुंबईकडून मागे मागे सरकत कोल्हापूरपर्यंत येतो; पॅकेटे मग उलट दिशेने जातात. लेबल मिळाले की शोध संपला. शब्दकोशात शब्द शोधणे आणि ‘पान ३१ उघड’ असे सांगितल्यावर पान उघडणे यांत जेवढा फरक, तेवढा येथे आहे.

लेबलाची पूर्ण चिठ्ठी ३२ बिटांची, म्हणजे ४ बाइटांची असते. त्यांतले २० बिट क्रमांकासाठी, म्हणून २ चा विसावा घात, १०,४८,५७६ इतके वेगवेगळे क्रमांक शक्य आहेत. (पहिले सोळा, ० ते १५, खास कामांसाठी राखून ठेवले आहेत.) तीन बिट पॅकेटचा दर्जा सांगतात; त्याकडे पुढे येऊ. एक बिट सांगतो, ‘या चिठ्ठीखाली आणखी चिठ्ठी आहे की हीच शेवटची.’ उरलेले आठ बिट प्रत्येक नाक्यावर एकाने कमी होणारी मोजणी ठेवतात. चुकून एखादे पॅकेट गोल गोल फिरू लागले तर मोजणी शून्यावर येऊन ते बाद होते.

नव्वदीच्या दशकाच्या मध्याला जपानमधील तोशिबा आणि अमेरिकेतील इप्सिलॉन, सिस्को या कंपन्यांचे अभियंते अशाच कल्पनांवर काम करत होते. १९९७ साली त्यांचे एकत्रीकरण करण्यासाठी इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेत एक गट स्थापन झाला आणि जानेवारी २००१ मध्ये पद्धतीचा आराखडा प्रसिद्ध झाला. गंमत पाहा: हा सारा खटाटोप सुरू झाला तो वेगासाठी. पण तोपर्यंत पत्ता शोधणाऱ्या चिपाच इतक्या वेगवान झाल्या, की वेगाचा फायदा जवळजवळ उरलाच नाही. पद्धत टिकली ती दुसऱ्याच गुणांमुळे, आणि त्यांतला पहिला गुण म्हणजे एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९९९ साली मांडलेली खाजगी जाळ्याची योजना.

दोन मुख्य कचेऱ्या, एकच पत्ता

आपली बँक आणि शिरोलीची फाउंड्री दोघींच्याही मुख्य कचेऱ्या मुंबईला आहेत असे समजा. बँकेच्या मुख्य संगणकाचा पत्ता १०.१.१.५ आहे. फाउंड्रीच्या मुख्य संगणकाचा पत्ताही १०.१.१.५ आहे! हे चुकून झालेले नाही. १० ने सुरू होणारे पत्ते (आणि आणखी काही) १९९६ पासून कोणीही आपल्या घरात विनापरवाना वापरावेत म्हणून मोकळे सोडले आहेत. जगातल्या हजारो संस्था तेच पत्ते वापरतात. घरातल्या घरात ‘बाळू’ म्हणून हाक मारली की पुरते. गावात किती बाळू आहेत याची चिंता घराला नसते. पण पोस्टमनला असते.

कंपनीचा कोल्हापुरातला काठावरचा राउटर हा तो पोस्टमन. तो एक यादी न ठेवता प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळी मार्गवही ठेवतो. बँकेच्या तारेवरून पॅकेट आले की फक्त बँकेची वही उघडायची. फाउंड्रीच्या तारेवरून आले की फाउंड्रीची. पॅकेट कोणत्या तारेवरून आत शिरले यावरून वही ठरते, पत्त्यावरून नव्हे.

काठावरच्या राउटरांनी आपापसांत पत्त्यांची माहिती कळवताना दोन्ही १०.१.१.५ एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक पत्त्याच्या सुरुवातीला एक ६४ बिटांचा वेगळा आकडा जोडतात. शाळेत पाचवा क्रमांक अ तुकडीतही असतो आणि ब तुकडीतही. ‘अ-५’, ‘ब-५’ म्हटले की घोटाळा मिटतो, तसेच. मूळ पत्ता ३२ बिटांचा. त्याचा असा ९६ बिटांचा पत्ता होतो. हा लांब पत्ता पॅकेटवर लिहीत नाहीत बरे का. तो राउटरांच्या आपसांतल्या बोलण्यापुरताच.

आता पॅकेटचा प्रवास पाहू. मुंबईच्या राउटरने आधीच कळवून ठेवले आहे: बँकेच्या मुख्य संगणकासाठी लेबल ७७, फाउंड्रीच्या मुख्य संगणकासाठी ९२. कऱ्हाडने कोल्हापूरला सांगितले आहे: मुंबईसाठी ३१. पुण्याने कऱ्हाडला सांगितले आहे: मुंबईसाठी ५८.

बँकेचे पॅकेट आले. कोल्हापूरचा राउटर त्यावर दोन लेबले चिकटवतो: आत ७७, त्यावर ३१. पुढे असे घडते:

कऱ्हाड: वरचे लेबल ३१ आले; ते काढून ५८ लावले; पुण्याकडे.
पुणे: वरचे लेबल ५८ आले, ते काढून टाकले, नवे लावले नाही, मुंबईकडे.
मुंबई: लेबल ७७ आले; ते काढले; बँकेच्या तारेवर.

फाउंड्रीचे पॅकेट याच वाटेने जाते. त्याचे बाहेरचे लेबलही ३१, मग ५८. फरक फक्त आतल्या लेबलात: ९२. म्हणून मुंबईत ते फाउंड्रीच्या तारेवर उतरते. दोन्हींवर लिहिलेला पत्ता अक्षरशः एकच होता, तरी गोंधळ झाला नाही. पुण्याने बाहेरचे लेबल आधीच का काढले असे कोणी विचारील. मुंबईला नाहीतरी आतले लेबल पाहायचेच आहे; शेवटच्या घराला एकाच चिठ्ठीचे काम पडावे एवढाच उद्देश.

कऱ्हाड आणि पुणे यांना काय ठाऊक होते ते आता आठवून पाहा. त्यांना बँक ठाऊक नाही, फाउंड्री ठाऊक नाही, १०.१.१.५ हा पत्ता तर त्यांच्या यादीत कोठेच नाही. त्यांना फक्त ३१ आणि ५८ हे आकडे माहीत. कंपनीची गिऱ्हाइके दोनाची दोन हजार झाली तरी मधल्या राउटरांच्या कामात काडीची भर पडत नाही. सर्व शहाणपण काठावर आणि मध्ये फक्त आकड्यांची अदलाबदल! मला स्वतःला या पद्धतीत सर्वांत आवडते ते हेच.

बँकेची नवी शाखा निघाली तर त्या गावच्या काठावरच्या राउटरवर बँकेची वही सुरू करायची. बाकीच्या काठांना ती माहिती आपोआप कळते. फाउंड्रीला तिच्या एखाद्या कच्चा माल पुरवणाऱ्याशी फक्त साठ्याच्या संगणकापुरता संबंध ठेवायचा असेल, तर तेवढीच नोंद त्याच्या वहीत उतरवता येते. जाळे खाजगी राहूनही त्याला एक खिडकी ठेवता येते.

या सोयीची किंमत किती? दोन लेबले म्हणजे ८ बाइट. १५०० बाइटांच्या भरगच्च पॅकेटवर हा बोजा अर्ध्या टक्क्याहून जरासा जास्त. २०० बाइटांच्या आवाजाच्या पॅकेटवर मात्र ४ टक्के.

आवाजावरून त्या तीन बिटांची आठवण झाली. तीन बिटांत आठ दर्जे मावतात. दूरध्वनीवरचा आवाज अडखळला तर बोलणे कळत नाही, म्हणून त्याला वरचा दर्जा. पैशांच्या व्यवहाराला त्याखालचा. रात्री होणारी संगणकाची नक्कल दहा मिनिटे उशिरा संपली म्हणून कोणाचे काही अडत नाही. तिला सर्वांत खालचा. गर्दी झाली की राउटर या बिटांकडे पाहून रांग लावतो. साध्या इंटरनेटवर अशी रांग लावून देण्याची हमी कोणी देत नाही. येथे कंपनी तशी हमी करारात लिहून देते. धंदेवाले या पद्धतीला जास्त पैसे मोजतात ते बरेचसे या हमीसाठी.

खाजगी म्हणजे गुप्त नव्हे

आता एका गैरसमजाबद्दल बोललेच पाहिजे, कारण तो मोठ्यांमध्येही आढळतो. लेबल हे कुलूप नाही. बँकेचे पॅकेट कऱ्हाडहून पुण्याला जाताना जसेच्या तसे उघडे असते. दूरसंचार कंपनीच्या यंत्रांपर्यंत पोचलेल्या माणसाला ते वाचता येईल. काठावरच्या राउटरची मांडणी करताना एखाद्याने चुकीची वही चुकीच्या तारेला जोडली तर फाउंड्रीचे पॅकेट बँकेच्या दारात येईल. येथे मिळते ते वेगळेपण. गुप्तता हवी असेल तर मजकूर पाठवण्यापूर्वीच सांकेतिक करावा लागतो, आणि ते काम गिऱ्हाइकाचे.

बँकांनी हे ओळखले आहे. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली हैदराबादला स्थापन केलेल्या, आयडीआरबीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९९९ साली भारतातील बँकांसाठी ‘इन्फिनेट’ हे बंदिस्त जाळे सुरू केले. आरंभी ते मुख्यतः उपग्रहावर चाले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला ७२,००० किलोमीटर, म्हणजे ०.२४ सेकंद, आणि उत्तर यायला तितकाच वेळ. एका प्रश्नोत्तराला जवळजवळ अर्धा सेकंद! काचतंतूच्या ४ मिलिसेकंदांशी तुलना करा. पुढे हे जाळे जमिनीवरच्या लेबल-पद्धतीवर आले. मोठ्या रकमा एका बँकेतून दुसरीकडे तत्काळ पाठवणारी आरटीजीएस ही व्यवस्था मार्च २००४ मध्ये सुरू झाली ती याच जाळ्याच्या आधाराने. त्या व्यवहारांचे निरोप मात्र लेबलाच्या भरवशावर सोडलेले नाहीत. ते सांकेतिक केलेले असतात आणि त्यांवर डिजिटल सही असते. कारखान्याकडून शेतकऱ्याच्या खात्यात जमा होणाऱ्या ऊसबिलाचा आकडा वाटेत कोणी वाचू नये, आणि बदलू तर अजिबातच नये, यासाठी हे दुसरे कुलूप.

पुराचे पाणी आणि दुसरी वाट

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि तो कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा झाले. मालमोटारींच्या रांगा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. ज्यांना पर्यायी रस्ता आधीच माहीत होता ते लवकर सुटले. बाकीचे नाक्यावर येऊन चौकशी करत बसले.

जाळ्यातही तार तुटते. साध्या पद्धतीत तुटल्याची बातमी राउटरांमध्ये पसरते, प्रत्येक जण आपली यादी नव्याने बनवतो आणि मग वाहतूक वळते. यात काही सेकंद जाऊ शकतात. लेबल-पद्धतीत दुसरी वाट आधीच आखून तिची लेबले वाटून ठेवता येतात. तार तुटल्याचे ध्यानात येताच राउटर पॅकेटवर पर्यायी वाटेचे लेबल आणखी एक थर म्हणून चिकटवतो आणि चालू लागतो. हे सुमारे ५० मिलिसेकंदांत साधावे असे अभियंत्यांचे उद्दिष्ट असते. तेवढ्यात दूरध्वनीवर बोलणाऱ्याला फार तर एखादा खटका जाणवेल.

पण लेबलाला भौतिकशास्त्र चुकवता येत नाही. दोन ‘वेगळ्या’ वाटांचे काचतंतू एकाच पुलावरून जात असतील आणि तो पूलच पाण्याखाली गेला, तर आखून ठेवलेली दुसरी वाट कागदावरच राहते. म्हणून जाणता गिऱ्हाईक कंपनीला लेबलांविषयी विचारण्याआधी केबल कोणत्या रस्त्याने येते ते विचारतो. शाखेपासून केंद्रापर्यंतचा शेवटचा दीडदोन किलोमीटरचा तुकडा तर बहुधा एकेरीच असतो, आणि रस्ता खोदणाऱ्यांचा फावडा तेथेच बसतो.

अलीकडे पुष्कळ संस्था सर्व काही लेबल-जाळ्यावर ठेवत नाहीत. साधे ब्रॉडबँड स्वस्त झाले आहे; त्यावर मजकूर सांकेतिक करून पाठवायचा आणि महत्त्वाचे तेवढे लेबल-जाळ्यावरून न्यायचे, अशी मिसळ वाढते आहे. दोन्ही वाटांवर नजर ठेवून कोणते पॅकेट कोठून जावे हे संगणकच ठरवतो. लहान दुकानदाराला लेबल-जाळ्याची गरज नाही हे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या वीसपंचवीस शाखा आहेत आणि ज्याचे काम एक तास थांबले तर लोकांचे पैसे अडकतात, त्याचा हिशेब निराळा.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला तास पुरतो आणि खर्च काहीच नाही. चार विद्यार्थ्यांना कोल्हापूर, कऱ्हाड, पुणे आणि मुंबई करा. आणखी चौघे घ्या: कोल्हापुरात एक बँकेचा व एक फाउंड्रीचा, मुंबईतही तसेच. कोल्हापूरच्या दोघांनी घडी घातलेल्या कागदावर आत एकेक वाक्य आणि बाहेर ‘१०.१.१.५’ हा एकच पत्ता लिहावा. प्रत्येक राउटर-विद्यार्थ्याच्या हाती फक्त त्याच्या स्वतःच्या दोन ओळींची यादी द्यावी. दुसऱ्याची त्याने पाहायची नाही. लेबलांसाठी टाचणीने लावलेले कागदाचे कपटे चालतील. वर दिलेले आकडे वापरा आणि कागद योग्य माणसाकडे पोचतो का ते पाहा.

मग शिक्षकांनी कऱ्हाडला बाकावर बसवावे आणि सांगली व सोलापूर अशी दुसरी वाट उभी करावी. कोणती लेबले नव्याने वाटावी लागली? कोणाच्या यादीत अजिबात बदल करावा लागला नाही? आणि हा शेवटचा प्रश्न जरा विचार करून सोडवा: मुंबईसाठी पुण्याने कऱ्हाडला ५८ सांगितले होते; सोलापूरलाही ५८ च सांगितले तर पुण्याचा गोंधळ होईल काय?